नाकाचं गणित आणि कचारगडची गुहा

आरशासमोर पट्टी घेऊन उभे राहा. नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. मग दोन भुवयांच्या मधल्या खळगीपासून नाकाच्या तळापर्यंतची उंची मोजा. रुंदीला उंचीनं भागा आणि शंभरानं गुणा. उत्तर ७०च्या खाली आलं तर नाक चिंचोळं, ८५च्या वर गेलं तर बसकं, अधेमधे आलं तर मध्यम.

सव्वाशे वर्षांपूर्वी हे सरकारी शास्त्र होतं. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हजारो माणसांच्या नाकांची अशी मापं गोळा करवली आणि त्यावरून एक नियम मांडला: जातीच्या उतरंडीत जितकं वर जावं, तितकं नाक चिंचोळं होत जातं. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात! डोकी आणि नाकं मोजून त्यांनी अख्ख्या देशाचे सात प्रकार पाडले. मराठ्यांवर ‘सिथो-द्रविड’ असा शिक्का बसला.

वंशवाद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते, हिटलरचा जर्मनी आठवतो. गोंदिया आठवत नाही. पण धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि सालेकसा-देवरीच्या जंगलांचा हा जिल्हा या गोष्टीत पुन्हा पुन्हा डोकावतो. एका ठिकाणी तर तो या साऱ्या शास्त्राला निरुत्तर करणारी गोष्ट सांगतो. तिथं पोचण्यासाठी आधी थोडं मागं जावं लागेल.

आधी नफा, मग भेद, मग शास्त्र

परक्याला हलकं लेखणं फार जुनं आहे. पण शरीराकडे बघून सगळ्या मानवजातीची चार-पाच कप्प्यांत वाटणी करणं, हे जेमतेम साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. असा एक पहिलावहिला लेख १६८४ साली पॅरिसच्या एका नियतकालिकात निनावी छापून आला. लेखक होता फ्रांस्वा बर्निए, औरंगजेबाच्या दरबारातल्या एका उमरावाच्या पदरी दिल्लीत अनेक वर्षं राहिलेला फ्रेंच वैद्य. हिंदुस्थानातल्या बऱ्याच लोकांना त्यानं युरोपीयांच्याच कप्प्यात घातलं. त्यांचा रंग उन्हानं आलेला आहे, असं त्याचं म्हणणं. उत्तर युरोपातल्या लॅप लोकांचा मात्र त्यानं वेगळा आणि कुरूप वंश केला. त्यानं प्रत्यक्ष पाहिलेले लॅप किती? दोन.

त्याच सतराव्या शतकात जगाच्या दोन टोकांना काय चाललं होतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की थक्क व्हायला होतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारोबाजारी विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला होता. १६०० साली त्यानं आपल्या पसंतीचा निजामशहा गादीवर बसवला, स्वतःची मुलगी त्याला दिली, खडकी शहर वसवलं (आजचं छत्रपती संभाजीनगर) आणि मुघल फौजांना वर्षानुवर्षं जेरीला आणलं. जहांगीर बादशहा त्याच्या काळ्या रंगावरून वाटेल ते लिहून ठेवी. म्हणजे रंगाचा तिटकारा तेव्हाही होता. पण त्या रंगापायी अंबरची वजिरी अडली नाही आणि त्याच्या लेकीचं लग्नही अडलं नाही.

अटलांटिकपलीकडे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ साली पहिले आफ्रिकी बंदी उतरले. तिथं १६६२ साली कायदा झाला: आई गुलाम तर मूल गुलाम. १६९१ साली आणखी एक: गोऱ्यानं काळ्याशी लग्न केलं तर हद्दपारी. जन्मावरून माणसाची जागा ठरवायची आणि लग्नावर पहारा बसवायचा, हे दोन कायदे म्हणजे वंशवादाचा सांगाडा. उरलेलं सगळं नंतर त्यावर चढवलेलं मांस. व्हर्जिनियातली अशी लग्नबंदी मोडायला १९६७ साल उजाडलं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं.

गुलामांच्या व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली. एवढ्या अन्यायाला काहीतरी सबब लागते. ‘ती माणसं मुळातच कमी प्रतीची आहेत’ ही सबब सगळ्यांत सोयीची होती. ती विद्वानांनी पुरवली, काहींनी हेतुपूर्वक, काहींनी नकळत. स्वीडनच्या लिनियसनं १७३५ साली माणसांचे खंडांनुसार चार प्रकार लावले आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यांना स्वभावही चिकटवले. जर्मनीच्या ब्लुमेनबाखनं १७९५ साली पाच प्रकार केले. जॉर्जियातल्या एका बाईची कवटी त्याला फार देखणी वाटली, म्हणून गोऱ्यांचं नाव पडलं ‘कॉकेशियन’. गंमत म्हणजे ब्लुमेनबाख स्वतः सगळी माणसं एकच मानणारा, काळ्या लेखकांची पुस्तकं आवर्जून जमवणारा होता. पण कप्पे एकदा तयार झाले की त्यांचा वापर कोण कसा करील, हे कप्पे करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

मोजपट्टी मध्य प्रांतात

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला. आजचा गोंदिया तेव्हा त्यातल्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता. वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडला. मध्य प्रांत झाल्यावर काही वर्षांतच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जोसेफ फेरर या डॉक्टरानं एक अचाट कल्पना मांडली. देशभरातल्या निरनिराळ्या ‘वंशां’ची जिवंत माणसं एका मोठ्या प्रदर्शनात आणून बसवायची आणि विद्वानांनी त्यांचं निरीक्षण करायचं. तो घाट काही जमला नाही. मध्य प्रांताच्या अधिकाऱ्यांनी मात्र लहान प्रमाणावर तो घालून पाहिला. १८६६-६७च्या जबलपूरच्या प्रदर्शनात आदिवासी माणसं आणली गेली, एका समितीनं त्यांना न्याहाळलं आणि अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांना ‘नमुने’ म्हटलं आहे.

योगायोग असा की त्याच १८६६ साली मध्य प्रांतातून एक पुस्तक बाहेर पडलं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय आजही नागपुरात आहे, ते १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांच्या मागं राहिलेली टिपणं मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्यात एक लांबलचक गोंडी गीत होतं, एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेलं. परधान म्हणजे गोंडांचे भाट. कुळांच्या कथा त्यांच्या कंठात असतात. एकीकडे समिती ज्या माणसांना नमुने म्हणून न्याहाळत होती, त्याच माणसांकडे सृष्टीची उत्पत्ती, समाजाची घडण आणि लग्नाचे नियम सांगणारं स्वतःचं महाकाव्य होतं. ते छापून टेबलावर येऊन पडलं होतं.

त्या कथेचा नायक पारी कुपार लिंगो. गोंडांची लेकरं एका गुहेत कोंडली जातात, तोंडाशी प्रचंड शिळा लावली जाते. लिंगो त्यांना सोडवतो. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार ती गुहा म्हणजे सालेकसा तालुक्यातलं कचारगड. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे, डोंगरगडच्या अलीकडे दरेकसा स्टेशन लागतं. तिथून जवळच्या डोंगरात ही विशाल गुहा आहे. गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या मंडळींनी १९८०च्या दशकात या जागेकडे समाजाचं लक्ष वेधलं. आता माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लोक इथं येतात आणि एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणतात. गावोगावचे परधान सांगतात ती कथा जागोजागी थोडी बदलते. आई कली कंकाली, किंगरी वाजवणारा आणि शिळा सरकवताना जीव गमावणारा हिरासुका, ही पात्रं मात्र इथल्या माणसाला घरच्यासारखी ठाऊक असतात.

खरं नवल गुहेबाहेर पडल्यावर आहे. सुटलेल्या लेकरांची लिंगो वाटणी करतो: कुणी चार देवांचे, कुणी पाचांचे, कुणी सहांचे, कुणी सातांचे. सारख्या संख्येचे देव मानणारे सगळे भाऊबंद. सोयरीक करायची ती दुसऱ्या संख्येच्या घरी. म्हणजे इथंही माणसांचे गट पाडले आहेत, जन्मावरूनच पाडले आहेत आणि लग्नावर नियमही आहे. पण नियमाची दिशा उलटी. व्हर्जिनियाचा कायदा म्हणतो, रेषा ओलांडलीस तर हद्दपार. लिंगोचा नियम म्हणतो, रेषा ओलांडल्याशिवाय तुझं लग्नच होणार नाही. एक रेषा माणसं तोडायला आखलेली, दुसरी नाती जोडायला.

गोंड समाज भेदांपासून मुक्त आहे, असा याचा अर्थ नव्हे. राजगोंड आणि इतर यांच्यात मानपानाच्या पायऱ्या आहेत आणि समाजाबाहेर लग्न करणं तिथंही सोपं नाही. पण माणसांत फरक दिसला की उतरंड उभी राहणारच, असं ज्यांना वाटतं त्यांनी कचारगडची कथा एकदा जरूर ऐकावी.

आकड्यांनीच आकड्यांना पाडलं

मोजणी करणाऱ्यांचा पराभव मोजणीनंच झाला, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

इरावती कर्वे यांना आपण ‘युगान्त’मुळे ओळखतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजनन संस्थेत पीएच.डी. करायला गेल्या. संस्थेचे प्रमुख आणि त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. याच फिशर यांनी १९०८ साली जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांचा अभ्यास करून मिश्र विवाहांविरुद्ध निष्कर्ष काढले होते. पुन्हा लग्नच! १९३५ साली नाझींनी ज्यू आणि जर्मन यांच्यातले विवाह कायद्यानं बंद केले, तेव्हा असल्याच विद्वत्तेचा आधार त्यांच्या हाताशी होता.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांचा. युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, तो जास्त बुद्धिमान, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, अशी समजूत होती. ती आकड्यांनी दाखवायची होती. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्याही होत्या. निष्कर्ष निघाला: कवट्या थोड्याफार वाकड्या सगळ्यांच्याच असतात, त्याचा वंशाशी काही संबंध नाही. जिथं वंशश्रेष्ठत्वाचं शास्त्र शिजत होतं, त्याच इमारतीत पुण्याहून आलेल्या एका पंचविशीतल्या बाईनं १९३० साली हे लिहून दिलं. फिशर यांनी तिला कमीत कमी श्रेणी दिली, असं तिचे चरित्रकार सांगतात.

पुढे इरावतीबाईंनी महाराष्ट्रातही माणसांची मापं घेतली. त्या काळच्या मानवशास्त्राचा तो रिवाजच होता. पण त्यांना दिसलं ते असं की ब्राह्मणांच्या पोटजातीसुद्धा एका ठशाच्या नाहीत. एक जात म्हणजे एक रक्त, ही कल्पना घरच्या घरीच कोसळली.

दुसरा धागा न्यूयॉर्कला जातो. १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथंच मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस शिकवत. त्यांनी सुमारे १८ हजार स्थलांतरित आणि त्यांची मुलं मोजून दाखवलं होतं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार एका पिढीतच आईबापांपेक्षा वेगळा होतो. वंशाची अढळ खूण म्हणून मिरवली जाणारी कवटी एका पिढीत बदलते! बोआस यांचेच शिष्य गोल्डनवायझर यांच्या वर्गात ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. त्याचं सार एवढंच: जातीचा प्राण तिच्या आतल्या आत होणाऱ्या लग्नांत आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना त्यांनी मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मांडलेले नाकांचे आकडेच पुढं केले आणि दाखवलं की मोजणीवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. रिस्लेंचा डाव रिस्लेंच्याच पट्टीनं उलटला.

हेच आंबेडकर १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, आणि भंडारा मध्य प्रदेश राज्यात. ती निवडणूक ते हरले.

शरीर काय सांगतं?

मग नाकं वेगवेगळी का असतात? कारण नाक हे बंब आणि गाळणी एकत्र असल्यासारखं आहे: फुप्फुसांत जाण्याआधी हवा ऊबदार आणि ओलसर करणं, धूळ अडवणं हे त्याचं काम. थंड आणि कोरड्या मुलखात चिंचोळं नाक ते काम चांगलं करतं, उष्ण आणि दमट हवेत रुंद नाक पुरतं. १९२३ साली थॉमसन आणि बक्स्टन या संशोधकांनी जगभरची मापं लावून हा मेळ दाखवला, आणि २०१७ साली त्रिमितीय छायाचित्रांवरून केलेल्या अभ्यासातही तो पुन्हा दिसला. नाक कुळाची प्रतिष्ठा सांगत नाही, पूर्वजांचं हवामान सांगतं.

रंगाचंही तसंच. कडक उन्हात त्वचेतलं मेलॅनिन शरीरातलं फोलेट वाचवतं. मंद उन्हाच्या देशात उजळ कातडी ड जीवनसत्त्व तयार करायला मदत करते. २००५ साली एक गमतीचा शोध लागला. झेब्राफिश या भारतीय उपखंडातल्या चिमुकल्या माशाची एक फिकट जात आहे. ती फिकट का, हे शोधताना शास्त्रज्ञांना एक जनुक सापडलं आणि तेच जनुक माणसातही निघालं. युरोपीयांच्या गोरेपणात त्याच्या एका बदललेल्या अक्षराचा मोठा वाटा आहे. २०१३ साली हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की भारतीयांत सापडणारा तो बदल आणि युरोपातला बदल एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. ज्या गोरेपणावर साम्राज्यं उभी राहिली, त्याचं एक अक्षर आपल्या गावागावांत विखुरलेलं आहे.

१९७२ साली रिचर्ड लेवोंटिन यांनी हिशेब मांडला: माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतो. रंग-रूपावरून पाडलेल्या मोठ्या वंशांमध्ये उरतो तो अगदी थोडा. आणि भारतापुरतं बोलायचं तर २०१३च्या दुसऱ्या एका अभ्यासात, त्यातही हैदराबादच्या केंद्राचा सहभाग होता, दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात जवळजवळ सगळ्या समूहांचं एकमेकांत मिश्रण होत होतं. मग दारं बंद झाली आणि लग्नं जातीच्या आत होऊ लागली. आपण सगळे आधीच एकमेकांत मिसळलेले आहोत. कुंपणं मागाहून आली.

मग वंशवाद उरतो कशाच्या जोरावर?

वंश शरीरात सापडला नाही, पण वंशवाद समाजात जिवंत आहे, कारण त्याला शरीराचा आधार कधी लागलाच नव्हता. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा मारणारे आणि मरणारे एकाच मातीतले, एकच बोली बोलणारे होते. २०१४च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाची केसांवरून आणि चेहऱ्यावरून थट्टा झाली, मग मारहाण झाली आणि त्यात तो गेला. पहिल्या ठिकाणी चेहरा वेगळा नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता. तिरस्कार दोन्हीकडे सारखाच निघाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाच्या परिसरात १९७२पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्या चेहऱ्यांना ‘चिनी’ म्हणून हाक मारणारा माणूस स्वतःला वंशवादी समजत नसतो. पण त्याच्या जिभेवर रिस्लेंचाच तक्ता असतो.

जात म्हणजे वंश नव्हे, असं भारत सरकारनं २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत ठासून सांगितलं. जीवशास्त्राच्या अंगानं ते बरोबरच होतं. पण भारतानं १९६८ साली मान्य केलेल्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वंश आणि रंग यांच्या बरोबरीनं ‘कूळ’ही आहे, आणि आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५मध्ये वंश आणि जात शेजारी शेजारी बसली आहेत. घटनाकारांना ठाऊक होतं की दोहोंची तऱ्हा एकच: जन्मावरून पायरी ठरवायची आणि लग्नावर पहारा ठेवायचा.

म्हणून वंशवादाची खरी परीक्षा भाषणांत नाही, आपल्या घरातल्या लग्नाच्या बोलण्यांत आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला २०२० साली नाव बदलावं लागलं, पण स्थळांच्या यादीतला ‘गोरी’ हा शब्द अजून बदललेला नाही. तुमच्या घरी पुढची यादी तयार होईल तेव्हा त्यातल्या ‘गोरी’ आणि ‘स्वजातीय’ या दोन अटींवर काट मारून बघा. कायदा आड येणार नाही. आंबेडकर भंडाऱ्यात हरले त्याच १९५४ साली संसदेनं विशेष विवाह कायदा केला. जात-धर्म न विचारता लग्न लावून देणारा तो कायदा आजही लागू आहे.